सिंधुदुर्गाचे आकडे एवढे छान, मग घरांना कुलपं का?

सिंधुदुर्गाबद्दलचा एक फॉरवर्ड अधूनमधून प्रत्येक कोकणी ग्रुपवर येतोच. हजार पुरुषांमागे १०३६ बायका, साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर म्हणजे राज्यापेक्षा जास्त, लोकसंख्येची वाढ शून्याच्याही खाली, आणि शेवटी ‘येवा कोकण आपलाच आसा’. खाली अंगठ्यांची रांग. आकडे खोटे नाहीत हां, २०११ च्या जनगणनेतलेच आहेत. फक्त ते वाचून ‘बघा, आपला जिल्हा एक नंबर’ असं जे लगेच ठरवलं जातं ना, तिथे जरा थांबायला हवं, कारण यातले बरेचसे आकडे चांगले दिसतात ते कमावत्या वयाची माणसं जिल्ह्यात नाहीत म्हणून.

आता विषय परत निघालाय कारण २०२१ ला राहिलेली जनगणना शेवटी होतेय. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. नवे आकडे येतील, नवे फॉरवर्ड येतील. त्याआधी जुने नीट वाचून घेऊ.

जनगणना मोजते कोणाला?

तुमचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, रेशनकार्ड कुठलं, याच्याशी जनगणनेला घेणंदेणं नाही. तुम्ही नेहमी राहता कुठे तिथे तुमची मोजणी होते. मालवणचा माणूस नालासोपाऱ्यात राहतो तर तो पालघर जिल्ह्याच्या खात्यात, मग त्याने गावात दोन मजली घर का बांधलेलं असेना.

आणि मोजणीचा महिना फेब्रुवारी. गणपतीत किंवा मे महिन्यात मोजलं असतं तर सिंधुदुर्गाचा आकडा बघून दिल्लीवाले चक्रावले असते. फेब्रुवारीत गावात उरतात ते खरंच तिथे राहणारे. २००१ ला ते ८,६८,८२५ होते, २०११ ला ८,४९,६५१. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांनी कमी. शेजारच्या रत्नागिरीत तर १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, जवळजवळ ८२ हजारांची घट. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. सिंधुदुर्ग त्याच वेगाने वाढला असता तर दहा लाखांवर गेला असता.

अख्ख्या राज्यात तेव्हा तीनच जिल्हे आटले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा मुंबई शहर. हे तिसरं नाव ऐकून हसू येतं पण गोष्ट एकच आहे. परळ-लालबागच्या चाळीतला कोकणी माणूसही तिथून उठून डोंबिवली, दिवा, विरारला गेला, आणि त्या दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होता) ३६ टक्क्यांनी फुगला.

हजाराला १०३६ बायका म्हणजे मुलींचा जिल्हा, नाही का?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. लिंग गुणोत्तर म्हणजे हजार पुरुषांमागे किती स्त्रिया एवढंच. महाराष्ट्राचं ९२९, सिंधुदुर्गाचं १०३६, रत्नागिरीचं तर ११२२. फॉरवर्डवाले म्हणतात कोकणात मुलगी नकोशी नाही म्हणून हा आकडा. अंशतः असेलही. पण मुलगी हवी की नको हे बघायचं तर सगळ्या वयाची माणसं मोजून चालत नाही, ० ते ६ वयाची पोरं बघावी लागतात.

निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात, १०० मुलींमागे साधारण १०५. म्हणजे कोणी काही गडबड केली नाही तरी हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली असणार. सिंधुदुर्गातही लहान वयात मुली हजाराच्या आतच आहेत. अंगणवाडीत मुलगे जास्त आणि अख्ख्या जिल्ह्यात बायका जास्त, मग मधले पुरुष गेले कुठे? काही देवाघरी, कारण बायका सरासरीने जास्त जगतात आणि या जिल्ह्यात म्हातारी माणसं भरपूर. बाकीचे मुंबई, पुणे, गोव्याला. २०११ मध्ये जिल्ह्यात ४,३२,३१९ बायका आणि ४,१७,३३२ पुरुष होते, पंधरा हजारांचा फरक, आणि तो मुख्यतः नोकरीच्या वयात दिसतो.

अजून एक गंमत. २००१ मध्ये हाच आकडा १०७९ होता. म्हणजे दहा वर्षांत ४३ ने घसरला. वरवर पाहणारा म्हणेल अरे बापरे, मुली कमी व्हायला लागल्या. मला तसं वाटत नाही, निदान तेवढंच कारण नाही. पूर्वी एकटा पुरुष मुंबईला जायचा, गाळ्यात दहा-पंधरा जण दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे, बायको-पोरं गावात सासू-सासऱ्यांकडे. आता पोरगा लग्न झालं की बायकोला घेऊन जातो, पोरं तिकडच्याच शाळेत, आणि मुली शिकून स्वतःही नोकरीला बाहेर पडतात. बायकाही निघाल्या की गुणोत्तर ‘नॉर्मल’कडे सरकतं. आकडा सरळ होतोय तो गाव पूर्ण रिकामं होत असल्यामुळे, असंही असू शकतं. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही जिल्ह्याचा लिंग गुणोत्तराचा आकडा तुम्ही आधीसारखा वाचूच शकत नाही.

मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा

हे सगळं काल-परवाचं नाही. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी सगळं रत्नागिरीच. पाऊस बदाबदा, तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. त्यामुळे पावसाळी भात हे मुख्य पीक, जमिनीचे तुकडे छोटे, त्यात बऱ्याच भागात खोताचं देणं. अशा वेळी मुंबईत गिरण्या निघाल्या आणि बोटीने एका दिवसात मुंबई गाठता यायची. गिरणगाव भरलं ते मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यातल्या माणसांनी.

मग व्यवस्थाच अशी बसली की माणूस मुंबईत, घर गावात आणि दोघांना जोडणारा पोस्टमन. घरचं भात सहा-आठ महिने पुरायचं, बाकीचं मनीऑर्डरवर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, आणि त्याचा फटका कुडाळ-कणकवलीतल्या घरांना बसला. कित्येकजण गावी परत आले, पण त्यांच्या मुलांनी परत तीच वाट धरली, फक्त गिरणीऐवजी ऑफिस, बँक, सिक्युरिटी, हॉटेल, कुरिअर.

या पैशाचं काय झालं? घरं बांधली, लग्नं झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, आजारपणं निघाली. पण धंद्यात फारसा गेला नाही. यात कोकणी माणसाला आळशी म्हणायची जुनी सवय आहे लोकांना, मला ती पटत नाही. महिन्याला थोडे थोडे पैसे येतात आणि ते येतात तेच मुळी घर चालवायला, त्यातून कारखाना काय काढणार?

पण दरडोई उत्पन्न तर बरं आहे!

हो, राज्याच्या यादीत तळाला नेहमी दिसतात ती नंदुरबार, गडचिरोली, वाशिम अशी नावं, सिंधुदुर्ग त्यात नसतो. आता दरडोई उत्पन्न म्हणजे काय तर वर्षभरात जिल्ह्याच्या हद्दीत जेवढं मूल्य तयार झालं, म्हणजे शेती, मासे, दुकानं, बांधकाम, सरकारी पगार सगळं धरून, भागिले जिल्ह्यात राहणारी माणसं. खाली ज्या आकड्याने भागतो त्यात सगळी मेख.

घरात पाच माणसं आणि आमटीत दहा बांगडे. प्रत्येकी दोन. दोघं मुंबईला गेले. आता तिघांना तीन-तीन आणि वर एक उरला. बांगडे वाढले का? नाही. कोणी म्हणेल माणसं गेली की बांगडे आणणारेही कमी झाले ना, तर हो, पण खाचरात पाच जण राबले काय आणि तीन राबले काय, भात तेवढंच पिकतं, हे शेतीवाल्या घरात कोणालाही विचारा. आणि तो वर उरलेला एक बांगडा कोणाच्या ताटात जातो हे सरासरी सांगत नाही. शंभर कलमांच्या बागायतदाराचं आणि त्याच्या बागेत काढणीला येणाऱ्या बाईचं ‘दरडोई’ एकच.

दुसरं म्हणजे मुंबईहून येणारा पैसा या हिशोबात थेट धरलाच जात नाही, कारण तो जिल्ह्यात तयार झालेला नाही. तो गावातल्या दुकानात खर्च झाला की दुकानदाराच्या कमाईतून तेवढा दिसतो. म्हणजे ज्या पैशावर निम्मं गाव उभं राहिलं तो अधिकृत हिशोबात पडद्यामागे.

तिसरं, दोडामार्ग-सावंतवाडीकडची पोरं सकाळी बाईक काढून गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी येतात. ती मोजली जातात सिंधुदुर्गात पण त्यांच्या कामाचं मूल्य जमा होतं गोव्याच्या खात्यात. म्हणजे इथे उलटा परिणाम, आकडा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय जिल्हा पातळीवर प्रत्येक गोष्ट मोजलेली नसते, काही क्षेत्रांचा राज्याचा आकडा ठोकताळ्याने जिल्ह्यांत वाटतात. एवढं सगळं एका संख्येत कोंबलेलं, म्हणून त्या संख्येवरून भांडायचं तर जरा बेताने.

आंबा, काजू, मासे, टुरिझम, एवढं सगळं असून?

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकायला कायद्याने मनाई (विकतात ती गोष्ट वेगळी). देवगडची पेटी वाशीच्या मार्केटला पहिली पोचली की बातमी होते. पण हा उद्योग आहे दोन-अडीच महिन्यांचा. १९९० साली राज्याने रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आणली, शंभर टक्के अनुदान, आणि वरकस जमिनीवर, जिथे आधी नाचणी-वरी व्हायची किंवा नुसतं गवत, तिथे आंबा-काजूची कलमं उभी राहिली. खूप चांगली योजना, माझ्या मते कोकणासाठी आलेल्यातली सगळ्यात चांगली. पण कलमांना वर्षभर माणसं लागत नाहीत, फवारणी आणि काढणी झाली की काम संपलं. म्हणजे पैसा आला, रोजगार तेवढा आला नाही.

आणि जो रोजगार आहे तिथे कोण आहे बघा. बागेत राखणीला नेपाळी गुरखा, ट्रॉलरवर बाहेरचा खलाशी, बांधकामावर विजापूरकडची किंवा झारखंडची माणसं. गावचा पोरगा मुंबईत बारा हजारांवर सिक्युरिटीत आणि गावात मजूर मिळत नाही म्हणून बोंब, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. शिकलेल्या पोराला गड्याचं काम नको असतं आणि हंगामी मजुरीवर वर्ष निघत नाही, दोष कुणाला देणार?

काजूचं थोडं वेगळं, कारखाने आहेत, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींनी उत्पन्न वाढवलं, पण आफ्रिकेतली बी स्वस्तात आली की इथल्या बीचा दर पडतो. मासेमारी पावसात बंद. टुरिझमचं म्हणाल तर सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ ला, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला, चिपीचा विमानतळ उघडला ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधल्या काळात तारकर्ली-मालवणात निवास न्याहारी, स्कूबा, खाणावळी उभ्या राहिल्या आणि त्या बहुतेक स्थानिकांच्याच आहेत, ही जमेची बाजू. पण किनारा सोडून आत वैभववाडीकडे या, टुरिस्ट दिसणार नाही.

मग शेजारच्या गोव्याला कसं जमलं?

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. पाऊस तोच, समुद्र तोच, माड तेच. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्गाचं ५,२०७. तरी २०११ मध्ये गोव्यात माणसं साडेचौदा लाखांच्या वर आणि सिंधुदुर्गात साडेआठ लाख. गोवा छोटा का असेना, त्याचं स्वतःचं सरकार आहे, स्वतःचं बजेट, स्वतःच्या सरकारी नोकऱ्या, मुरगावचं बंदर, दाबोळीचा विमानतळ, औषधांचे कारखाने. सिंधुदुर्गाला ओरोसला कलेक्टर आहे आणि बाकी निर्णय मुंबईत. जिल्ह्याचा माणूस गंभीर आजारी पडला की नेतात कुठे तर बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात.

म्हणून गोव्यातून कोणी जात नाही असं नाही, तिकडचेही लंडन आणि आखातात जातात. फक्त तिथे जाणाऱ्यांच्या जागी बाहेरून येणारे आहेत. इथे जागा रिकामी राहते.

जमीन पडीक का, विकत का नाहीत?

कारण सातबारा उघडून बघा. पणजोबाचं नाव, त्याचे चार मुलगे, त्यांची मुलं, लग्न झालेल्या आत्या, त्यांचे वारस. पन्नास नावांचा सातबारा इथे कोणाला नवल वाटत नाही. अर्धे हिस्सेदार मुंबईत, दोघं वारलेत पण वारस लागलेले नाहीत, एकाशी बोलणं बंद. कर्ज हवं, विहीर खणायची, विकायची, सगळ्यांच्या सह्या हव्यात. वाटणीला कोर्टात गेलात तर तुमचा नातू निकाल ऐकेल. आंबोली, चौकुळ, गेळ्याकडे तर कबुलायतदार गावकरचा वेगळाच गुंता, पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावरच जमीन नाही.

मग कसायला माणूस नाही म्हणून पडीक, पडीक म्हणून रान माजतं, रानाबरोबर माकडं आणि डुक्कर येतात, शेजारी जो एकटा करत होता त्याचंही पीक जातं आणि तोही सोडतो. दोडामार्गात भरीला हत्ती.

शिकलेत ना सगळे, मग अडलं कुठे?

साक्षरता म्हणजे सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणं, एवढंच. ती इथे ८५.५६ टक्के. दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं. हे कौतुक खरंच करावं असं आहे. पण शिकलेल्या पोराला साजेशी नोकरी जिल्ह्यात नसली तर शिक्षण म्हणजे बाहेर जायचं तिकीट. जिल्हा स्वतःच्या खर्चाने पोरं शिकवतो आणि मुंबई-पुण्याला तयार देतो.

कमी माणसं म्हणजे कमी गर्दी, बिघडलं काय?

बिघडतं असं की रस्ता, वीज, शाळा, दवाखाना यांचा खर्च माणसं कमी झाली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. दहा घरांच्या वाडीला वीज न्यायला खांब तेवढेच लागतात. इथली वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, चौरस किलोमीटरला १६३ माणसं, राज्यात ३६५. जनगणनेच्या नियमात नगरपालिका वगैरे नसलेल्या गावाला ‘शहर’ धरायचं तर पाच हजार वस्ती, शेतीबाहेर काम करणारे ७५ टक्के पुरुष आणि चौरस किलोमीटरला ४०० माणसं लागतात. पसरलेली वस्ती तिथेच अडते. २०११ मध्ये जिल्ह्यात शहरी लोकसंख्या फक्त साडेबारा टक्के होती.

शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षक किती द्यायचे इथपासून शाळा ठेवायची का इथपर्यंत चर्चा. पोरं नाहीत म्हणून एसटीची फेरी बंद, फेरी बंद म्हणून उरलेलं एक कुटुंब तालुक्याच्या गावी. ग्रामपंचायतीत सदस्य किती तेही लोकसंख्येवरून, निधी वाटतानाही लोकसंख्येला मोठं वजन.

आणि राजकारण. मधु दंडवते १९७१ ते १९८९ च्या निवडणुकांत पाच वेळा ज्या राजापूरमधून खासदार झाले तो लोकसभा मतदारसंघ आता नकाशावर नाही. २००८ च्या फेररचनेत तो गेला, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा बराचसा भाग मिळून एकच जागा झाली. जिल्ह्याला विधानसभेच्या तीन जागा उरल्यात, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. ती फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली होती. पुढची होईल ती नव्या जनगणनेनंतर, म्हणजे १९ हजारांची जी घट वर सांगितली ती धरून, आणि त्यानंतर जी काही झाली असेल ती धरून.

नवे आकडे आले की काय बघायचं?

एकूण लोकसंख्या सोडा, वयाचा तक्ता बघा. २० ते ४० मधले किती आणि साठीच्या वरचे किती. राज्यात म्हाताऱ्यांचं प्रमाण ज्या जिल्ह्यांत जास्त त्यात सिंधुदुर्ग आधीच वरच्या रांगेत आहे आणि महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी किती मुलं) तर २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आला होता, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागणाऱ्या २.१ च्या खाली. त्यामुळे यापुढे कोणी बाहेर गेलं नाही तरी घट होऊ शकते. मग घरांचा तक्ता, त्यात रिकामी घरं वेगळी दाखवतात. आणि स्थलांतराचा तक्ता, २०११ मध्ये जन्म कुठला, आधी कुठे राहत होता, का आलात असे प्रश्न होते. गंमत म्हणजे सिंधुदुर्गातून किती गेले हे सिंधुदुर्गाच्या पानांवर सापडत नाही, कारण माणसाची नोंद होते ती तो जिथे पोचला तिथे.

ग्रुपवर हमखास येणारा शेवटचा प्रश्न. ‘आंगणेवाडीची जत्रा फेब्रुवारीत आली आणि आपण गावी असलो, तर गावच्या यादीत नाव लावून घेता येईल का, तेवढीच गावाची संख्या वाढेल?’ नाही हो. जत्रेला दोन-चार दिवस गेलेला माणूस मोजणीच्या काळात कधी ना कधी आपल्या नेहमीच्या घरी असतोच, त्यामुळे त्याची नोंद तिथेच, विरारला. दोन्हीकडे नाव दिलंत तर एक माणूस दोनदा मोजला जाईल. प्रगणक गावच्या घरी आला तर तिथे कायम राहणाऱ्यांचीच नावं सांगा, मग ती एकटी आई का असेना.